टाकावरचा टोपीवाला

“सोड ते गाठोडं, मेल्या!” मी ओरडले आणि तोंडात खारं पाणी गेलं.

होडी उलटली होती. तिचा डांबर लावलेला तळ वर आला होता आणि मी एका हाताने त्याला धरून होते. माझं लुगडं फुगून पाण्यावर आलं होतं, म्हणून मी तरले. माझा भाऊ नारू माझ्यापासून हातभर लांब होता. त्याला पोहता येत नाही. एका हाताने त्याने गाठोडं डोक्यावर धरलं होतं आणि दुसरा हात नुसता पाण्यावर आपटत होता. ओहोटी लागली होती, सातपाटीच्या खाडीचं सगळं पाणी समुद्राकडे निघालं होतं, आणि आम्हीही त्याच्याबरोबर निघालो होतो.

“बाय, पणजोबा हायत यात!” नारू म्हणाला.

“पणजोबा कधीच मेले! तू सोड!”

तो एकदा खाली गेला. वर आला तेव्हाही गाठोडं हातात होतंच. मग मी हात लांब केला आणि त्याच्या मनगटावर बुक्की मारली. गाठोडं सुटलं. आतल्या पितळी डबीच्या वजनाने ते बुडबुडे काढत तळाला गेलं. रिकाम्या हाताने नारूने माझा दंड धरला, तो असा की त्याचे वळ संक्रांतीपर्यंत गेले नाहीत.

त्या डबीत आमचा इंग्रज पूर्वज होता. तो आमच्या घरात कसा आला आणि खाडीत कसा गेला, ते आता सांगते. एडवणमधल्या बऱ्याच जणांनी सातपाटीच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही, त्यांनाही तिकडचं थोडं कळेल. मी चौथीपर्यंत शिकले आहे. जसं झालं तसं लिहिते.

एडवण

मला माहेर आणि सासर दोन्ही एडवणलाच मिळालं. नारूचं घर म्हणजे माझं माहेर. तिथे पानवेली, केळी आणि नारळ. नारूने जन्मभर पानांचा व्यापार केला. पालघर स्टेशनातून त्याच्या करंड्या लांबलांब जायच्या. नारू स्वतः मात्र पालघरपुढे फारसा गेला नाही.

त्याच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक आहेत. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली मूर्ती, तळहाताच्या निम्म्यानेही लहान. घरोघर असतात. आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या टाकावर एक घोडेस्वार आहे आणि त्याच्या डोक्यावर टोपी आहे. पागोटं नाही, मंदील नाही. रुंद काठाची, साहेब घालतो तशी टोपी. आम्ही लहानपणापासून त्याला टोपीवाला म्हणतो. शिवाय आमच्या घरात डोळे घारे. माझे घारे, नारूचे घारे, आणि त्याची नात कुसुम हिचे तर मांजरीसारखे.

एवढ्यावरून नारूने विलायतेचा एक लॉर्ड तयार केला. तो शिरगावच्या किल्ल्यात राहायला आला, तापाने आजारी पडला, आमच्या घरातल्या मुलीने त्याला पेज पाजली, वगैरे. दर वर्षी त्या लॉर्डची जमीन वाढायची. मी कधी अडवलं नाही. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी लागतं.

पण कुसुमचं लग्न ठरवायच्या बैठकीत त्याने ते सांगितलं. मुलगा वसंत, तारापूरला अणुविजेचा कारखाना बांधताहेत तिथे वेल्डर. मूळ साताऱ्याकडचा. आईबापांसह बोईसरला राहतो. कुसुम केळव्याला मामाकडे गेली असताना त्याने तिला पाहिली आणि स्वतःहून मागणी घातली. मुलगा चांगला, मुलीच्या मनातला. नारूला वाटलं, हा तिथे गोऱ्या साहेबांबरोबर काम करतो, तेव्हा लॉर्डचं ऐकून खूश होईल.

वसंतची आई हातातला चहा न पिता उठली. दोन दिवसांनी निरोप आला: आधी रक्ताचा काय तो खुलासा करा, मग पुढचं बोलू.

कुसुम रोजची कामं करत राहिली. पण तिचं जेवण तुटलं. नारू म्हणाला, “पुरावा आणतो. तो लॉर्डच होता आणि त्याने रीतसर लग्न केलं होतं, हे सिद्ध करतो.”

“आणि नसला तर?”

“नसेल कसा? टोपी हाय ना.”

मी म्हटलं, मीही येते. हा एकटा गेला असता तर येताना राजा घेऊन आला असता.

शिरगाव

एस.टी.ने शिरगावला उतरलो. मार्गशीर्षाचं ऊन होतं, वारा गार होता. नारूकडे टाकाचं गाठोडं आणि पानांची करंडी. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि आमच्याकडे द्यायला पानंच असतात.

किल्ला समुद्राला लागून आहे. बुरुज उभे आहेत, आत गवत. आमच्याकडे ताड सरळ वर जातो, इथल्या एका ताडाला आंब्यासारख्या फांद्या फुटलेल्या आहेत. तो मात्र बघण्यासारखा आहे. नारूने ताड पाहिलाच नाही. तो लॉर्डची कबर शोधत होता. एक चौकोनी चौथरा सापडला, तर त्याने चपला काढून हात जोडले. गवत कापणारी एक बाई म्हणाली, “आजोबा, ती पाण्याची टाकी हाय. पडाल आत.”

तिथून यसू आत्याकडे गेलो. ती आमच्या वडिलांची चुलतबहीण. नव्वदीची असावी, तिलाही माहीत नाही. कमी ऐकते, पण पान कुटून दिलं की बोलते. मी खलबत्त्यात पान कुटलं आणि तिच्या कानाशी जाऊन विचारलं, “आत्या, आपल्या हरबाजी पणजोबांचा बाप कोण?”

कारण नारूने शोधून शोधून वंशावळ हरबाजीपर्यंत नेली होती. त्याच्या वर नाव नव्हतं. तिथे त्याने टोपीवाल्याला बसवलं होतं आणि त्यालाही तो पणजोबाच म्हणायचा.

“गोविंदा,” आत्या लगेच म्हणाली.

“कोण गोविंदा?” नारू म्हणाला.

“अरे गोविंदा! हरबाजीचा बापूस. पानवेलीला पाणी घालायचा. लय खायचा म्हनून बायको मारायची त्याला.”

“आत्या, तो इंग्रज होता का?”

आत्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. “कोन?”

“गोविंदा!”

“तुला ताप हाय का रे नारू?”

मी म्हटलं, झालं, मिळालं उत्तर, चला बोईसरला. नारू तयार होईना. म्हातारीचं डोकं चालत नाही म्हणाला. टाक खोटं बोलेल का? तारापूरला आता परदेशातले पुष्कळ साहेब आले आहेत, त्यातला एखादा ही टोपी कुठल्या घराण्याची ते ओळखेल, असं त्याचं म्हणणं. मुरब्याला त्याचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, ते बैलगाडी देणार होतं. म्हणून सातपाटीहून होडीने मुरब्याला जायचं ठरलं.

होडीवाला पांडू, मुरब्याची हिरा नावाची कोळीण, तिची शेळी आणि आम्ही दोघं. हिराने सातपाटीच्या बहिणीकडून ती शेळी आणली होती. खाडीच्या मधोमध शेळीने करंडीत तोंड घातलं आणि पानं खायला लागली. नारूला पानांचा अपमान सहन होत नाही. तो उभा राहिला आणि शेळीची शिंगं धरून ओढायला लागला. पांडू ओरडला, “बसा वो आजोबा, बसा!” शेळी एका बाजूला, नारू त्याच बाजूला. पुढचं वर सांगितलं आहे.

मुरबे

पांडूने आणि हिराने आम्हाला ओढून वाळूच्या दांड्यावर आणलं. तिथे पाणी कमरेइतकं होतं. हिरा पोहताना एका हाताने माझा अंबाडा धरून होती आणि सगळा वेळ नारूला शिव्या देत होती. शेळी आमच्या आधी किनाऱ्याला पोचली. आम्ही पोचलो तेव्हा ती अंग झटकत आमच्याकडे बघत होती.

हिराने घरी नेलं. मला तिने आपलं लुगडं दिलं. कोळणी गुडघ्यापर्यंत नेसतात, आम्ही घोट्यापर्यंत. मी माझ्या पद्धतीने नेसायला गेले तर ते पुरेना. “उघडे राहू दे ना पाय,” हिरा म्हणाली. “कोन बघतो तुमचे पाय आता?” खरं होतं. मी तसंच नेसले. चालायला फार सोपं आहे.

नारूला तिच्या नवऱ्याची चड्डी आणि बनियन मिळालं. तो चुलीजवळ बसून होता.

“बाय,” शेवटी म्हणाला, “पणजोबा गेले. आता कुसुमचं काय?”

मी मनगटावर मारली होती, टाक माझ्यामुळे गेला होता. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन.

हिराने भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. आम्ही कालवणात नारळ घालतो. त्यांच्यात नारळाचा हात आखडता, मिरची आणि चिंच सढळ. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. दोनदा मागून घेतलं. अंगातली थंडी गेली.

जेवण झाल्यावर हात जोडावेत म्हणून मी तिच्या देव्हाऱ्याकडे वळले. जेजुरीचा खंडोबा, एकवीरा, आणि बाजूला टाकांची रांग. मी वाकून पाहिलं. मग गुडघ्यावर बसून पाहिलं.

“नारू, इकडे ये.”

“नको, बाय.”

“ये म्हणते ना!”

रांगेत घोडेस्वार होता. डोक्यावर रुंद काठाची टोपी. घोड्याचा पुढचा पाय तसाच उचललेला, लगामाचा हात तसाच. नारूने डोळे चोळले. त्याला वाटलं, आपला पणजोबा खाडीतून चालत आला.

“हिरा, हा कोण?” मी विचारलं.

“आमचा आजापंजा. टोपीवाला म्हनतो आमी.”

“गोरा होता?”

हिरा हसायला लागली ती थांबेना. तिने दारात बसलेल्या नवऱ्याला हाक मारली. “ऐकलंत? तुमचा आजा गोरा व्हता का इचारतात!” तिचा नवरा तव्याच्या बुडासारखा काळा. तो शांतपणे म्हणाला, “दर्यात जायच्या आधी असंल.”

“आमच्या आळीत चार घरांत हाय हा टोपीवाला,” हिरा म्हणाली. “लगीन निघालं की सगळे टाक तारापूरच्या सोनाराकडे जातात. झिजलेले पान्यात सोडायचे, नवे ठोकून आनायचे.”

आमच्याकडेही हीच रीत आहे. आमच्या आजीच्या वेळी टाक तारापूरहूनच आले होते, हे मला तेव्हा आठवलं. नारूलाही आठवलं असावं. तो दिलेली चड्डी आवळत बसला.

तारापूर

सकाळी आमचे कपडे वाळले. बैलगाडीची वाट न बघता मासळीच्या ट्रकमधून बोईसरला गेलो. बर्फाच्या पेटीवर बसून गेलो, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. बोईसर स्टेशनाबाहेर सगळी हिंदी. ट्रक, खडी, सिमेंट, आणि कुठून कुठून आलेली माणसं. वसंतचं घर तिथून जवळच होतं, पण उत्तर हातात नसताना त्या दारात जायचं नाही असं नारूने ठरवलं होतं, आणि ते मला पटलं. तारापूरची एस.टी. धरली.

वाटेत एक खरा गोरा साहेब दिसला. जीपमधून चालला होता. धुळीने भुवया पांढऱ्या, नाक टोमॅटोसारखं लाल. त्याच्या डोक्यावर टोपी होती. नारूने मान वळवून वळवून ती पाहिली. “आपली अशी नव्हती,” तो हळूच म्हणाला.

तारापूर जुनं, शांत गाव आहे. किल्ला, नारळ, पारशांची घरं. सोनाराचं दुकान किल्ल्याच्या वाटेवर. सोनारबुवा माझ्याच वयाचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी टोपीवाल्याचं नाव काढताच त्यांनी समोरचा दिवा उगाच पुसायला घेतला.

“तुम्ही कुठल्या?” त्यांनी विचारलं.

“एडवणच्या. आमचा टाक खाडीत गेला. मला फक्त एवढं सांगा, ती टोपी कुणाची?”

त्यांनी दुकानाबाहेर बघून घेतलं. मग पेटीतून काशाचा जाड ठसा काढून माझ्या हातात दिला. त्यात घोडेस्वार उलटा कोरलेला.

“कुणाचीच नाही,” ते म्हणाले. “हा माझ्या आजोबांचा ठसा. यात पागोटं होतं. एकदा ऐरणीवरून खाली पडला, पागोट्याचा वरचा भाग बिघडला. आजोबांनी कोरून सारखा करायला घेतला, तर ही टोपी झाली.”

“मग नवा का नाही केला?”

“केला ना! हा बघा, पागोट्याचा. कुणी घेईना. म्हणायचे, आमचा हा नाही, आमच्या घरात टोपीवाला आहे, तोच द्या. पूर्वज बदलता का आमचा? असं म्हणून भांडायचे. मग आजोबांनी टोपीवालेच ठोकले. वडिलांनी तेच केलं. मीही तेच करतो. सगळ्या किनाऱ्यावर आमचे टोपीवाले आहेत. तुम्ही बोलू नका कुठे.”

मी बोलू नका हे मानलं नाही, हे वाचणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल. पण त्यांचं नाव लिहिलेलं नाही.

नारूचा विश्वास बसेना. तेव्हा सोनारबुवांनी तांब्याच्या पत्र्याचा एक तुकडा घेतला, ठशावर ठेवला, वर शिशाचा गोळा ठेवून हातोडीचे घाव घातले. पत्रा उलटा केला. आमचा लॉर्ड घोड्यावर बसलेला. आमच्या डोळ्यांसमोर जन्मला.

नारू दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. पाणी मागितलं. “इतकी वर्षं मी काय सांगत फिरलो, बाय?”

“इतकी वर्षं तू पानं विकलीस. ती खरी होती. ऊठ.”

सोनारबुवांनी विचारलं, नवा टाक कुठला करू, पागोट्याचा की टोपीचा? मला वाटलं, नारू आता पागोटं मागेल. त्याने बराच वेळ दोन्ही ठसे पाहिले.

“टोपीचाच करा,” तो म्हणाला. “आईने त्यालाच हळदकुंकू वाहिलं. गोविंदालाही आता टोपीच लागेल, सवय झाली असेल त्याला.”

गोविंदा हे नाव त्याने पहिल्यांदा आपणहून घेतलं.

बोईसर

वसंतच्या आईने दार उघडलं, आत या म्हणाली, पण हसली नाही. वसंत कामावर होता. त्याचे वडील खाटेवर बसले होते. आमच्याकडे पाहुण्याला आधी पान देतात, त्यांच्यात गूळपाणी. पानं शेळीने आणि खाडीने खाल्ली होती, म्हणून आम्ही गूळपाणी घेतलं आणि मी सगळं सांगितलं. गाळलं काही नाही. टाकी, आत्या, शेळी, बुक्की, हिराचा नवरा, ठसा.

मग तांब्याचा तुकडा तिच्यापुढे ठेवला. तिने तो घेतला, आपल्या देव्हाऱ्यातला टाक आणला आणि दोन्ही शेजारी धरले.

“आमच्याला पागोटं हाय,” ती म्हणाली.

“तुमच्या सोनाराचा ठसा पडला नसेल.”

तिच्या ओठाचा कोपरा हलला. पण बाई कच्ची नव्हती. “आवं, मला गोऱ्याचा राग न्हाई. पर गावाकडं लोकं इचारत्यात, मी काय सांगू? टोपीचं समजलं. पोरीच्या डोळ्यांचं काय?”

नारूने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे सरकले, उजेडात. “माझे बघा. माझ्या आईचे असेच होते. का ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही कळणार नाही. टोपीसारखा याचा ठसा नाही दाखवता येत. पण तुमच्या मुलाने मागणी घातली ती डोळे बघूनच घातली.”

खाटेवरून वसंतचे वडील पहिल्यांदा बोलले. “अगं, त्या साहेबांची नाकं उन्हात सोलत्यात. वसंता रोज सांगतो. पाहुणं, पोरीचं नाक सोलतं का?”

“नाय,” नारू म्हणाला.

“मग झालं की!”

वसंतची आई आत गेली. भांड्यांचा आवाज आला. नारूचा हात माझ्या दंडाकडे आला, त्याच वळांवर. मग ती बाहेर आली, साखरेची वाटी घेऊन. आधी माझ्या हातावर साखर ठेवली, मग नारूच्या. “फाल्गुनात धरा,” ती म्हणाली. “आनि पाहुणं, तुमी मांडवात काय बी गोष्ट सांगायची न्हाई.”

नारूने मान डोलावली.

जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी होती. आमची तांदळाची भाकरी मऊ, ही तोडावी लागते. माझे दात थोडेच आहेत. पिठल्यात बुडवून खाल्ली. चव चांगली असते. आमच्याकडच्यांनी एकदा करून पाहावी, मात्र थापायला जमणार नाही.

पालघर आणि घरी

परत येताना पालघरला उतरून कुसुमसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. घरी पोचलो तेव्हा ती पानवेलींच्या वाफ्यात होती. नारू तिला काही सांगण्याआधी तिने बांगड्या पाहिल्या. त्या रात्री तिने मनसोक्त भात खाल्ला.

फाल्गुनात लग्न झालं. भटजींनी पूर्वजांची नावं विचारली, तेव्हा नारू स्पष्ट म्हणाला, “हरबाजी, त्याचे वडील गोविंद.” समोर नवा टाक होता, टोपीसकट. यसू आत्या बैलगाडीतून आली होती. तिने टाकाकडे बघून विचारलं, “हा कोन टोपीवाला?” हिरा आणि पांडूही आले होते. जेवणात नारळ फार झाला असं हिरा म्हणाली.

जुना टाक पाण्यात सोडायची रीत आहेच. आमचा जरा घाईत सोडला गेला.

त्या दिवशी होडीत मी होते, नारू होता, होडीवाला पांडू, मुरब्याची हिरा आणि तिची शेळी. पाचही वाचलो.